सोनाळा विरुद्ध किंग

वैशाली,

आज रविवार. सकाळपासून मी चार वेळा कॉम्प्युटर लावला आणि चार वेळा बंद केला. रोहिणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "खेळा नं कोणासोबत तरी. जगात माणसं कमी आहेत का?"

कमी नाहीत. लढायांच्या त्या गेममध्ये एक बटण दाबलं की दोन मिनिटांत कोणीतरी समोर येतं. कधी ब्राझीलचा, कधी पोलंडचा, कधी चेन्नईचा. तिसऱ्या खेपेला मी दाबलंही. समोरचा चांगला खेळत होता. त्यानं माझी लाकूडतोड थांबवली, सोन्याची खाण घेतली, सगळं नियमाप्रमाणे केलं. पण सहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, की मी कोण आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. समोर कोणीही असता तरी तो हेच खेळला असता. मी मधेच उठलो, गच्चीवर गेलो, वाळत घातलेले कपडे उगाच इकडचे तिकडे केले आणि खाली आलो. तेवढ्यात हरलो होतो.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. शिस्तीची शिक्षिका होती म्हणाले, घर आणि शाळा दोन्ही सांभाळलं म्हणाले. सगळं खरंच होतं. गेमबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. माइक माझ्याकडे आला तेव्हा मी "कॉलेजपासूनची ओळख" एवढं बोललो आणि बसलो. चाळिशीतली ही बाई कॉम्प्युटरवर लढाया लढायची, आणि हा समोर उभा असलेला सरकारी कारकून दहा वर्षं तिचा शत्रू होता, हे तथागतांच्या फोटोसमोर कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

शत्रू हा तुझाच शब्द. मी एकदा "मैत्रीण" म्हणालो तर तू चिडली होतीस. "मैत्रीण नको म्हणू. मैत्रिणीले कोणी इतकं जीव लावून मारत नसते."

तर जिथं सुरू झालं तिथून लिहितो. तुला ते आवडणार नाही, पण आता मला थांबवायला तू नाहीस.

बुलढाण्यात आपण बी.एस्सी.ला होतो. कॉलेजपासून जवळच एक सायबर कॅफे होता, आठ कॉम्प्युटरचा. आठही एकमेकांना वायरनं जोडलेले. चार या भिंतीला, चार मधल्या टेबलावर, आणि त्या टेबलावर समोरासमोर बसलं की दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत, पडदे नाही. आम्ही पाच-सहा पोरं रोज तिथं पडलेली असायचो. तू हॉस्टेलवर राहायचीस, प्रोजेक्टचे प्रिंट काढायला आली होतीस. प्रिंटर अडकला म्हणून माझ्या मागे उभी राहिलीस आणि पंधरा मिनिटांनी विचारलंस, "हे दोघं एकाच वेळी चालवतात? बुद्धिबळासारखं थांबत नाही कोणी?"

"थांबलं की मेलं," मी म्हणालो. मला फार भारी वाक्य बोलल्यासारखं वाटलं.

मग मी तुला समजावलं. सुरुवातीला दोघांकडे चार गावकरी असतात. त्यांच्याकडून लाकूड तोडायचं, शेत लावायचं, सोनं काढायचं, त्यातून घरं आणि सैनिक उभे करायचे. नकाशा काळा असतो, आपण जिथं जाऊ तेवढाच उजळतो. दुसरा कुठं आहे, काय करतोय, ते दिसत नाही. आपण शेत लावत असतो त्याच सेकंदाला तो काहीतरी करत असतो. शेतं जास्त लावली तर सैनिक कमी पडतात, सैनिक जास्त केले तर पोट भरत नाही. शेवटी ज्याचं सगळं जळालं तो हरला.

"म्हणजे घर चालवणं आन भांडण करणं एकाच टायमाले," तू म्हणालीस. "मग हे मले जमते."

नाव टाकायची वेळ आली तेव्हा माझं नाव 'किंग' होतं, आणि पोरांची नावंही तशीच, कोणी टायगर, कोणी डेंजर. तू लिहिलंस 'सोनाळा'. पोरं हसली. तू म्हणालीस, "काऊन? माह्या गावाचं नाव आहे. तुमच्या किंगले गाव नाही का?"

दोन महिन्यांत तू बाकी सगळ्यांना हरवलंस. मी उरलो होतो. कॅफेवाल्या काकांनी एका रविवारी स्पर्धा ठेवली आणि शेवटच्या मॅचला तू आणि मी समोरासमोर बसलो. मागे पोरांचा गराडा. मी माझा नेहमीचा डाव खेळलो. समोरची लढाई हरतोय असं दाखवायचं आणि नकाशाच्या पार कोपऱ्यात, जंगलाआड, गुपचूप दुसरा तळ उभा करायचा. तो डाव तोवर कोणालाही सापडला नव्हता. तू समोरची लढाई अर्धी सोडून दिलीस आणि तुझे सगळे घोडेस्वार घेऊन सरळ त्या कोपऱ्यात आलीस. शोधलं नाहीस. ठाऊक असल्यासारखी आलीस.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हिनं स्क्रीन पाह्यली माही."

समोरून स्क्रीन दिसतच नव्हती. हे मला ठाऊक होतं, तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तू शांतपणे म्हणालीस, "परत खेळू. तू म्हणशील त्या कॉम्प्युटरवर." मी नाही म्हणालो. मग मागून एक जण बोलला. तुझ्या समाजाचं नाव घेऊन, सवलतींचं नाव घेऊन, सगळं कसं आयतं पाहिजे असतं वगैरे. चार-पाच जण हसले. काका प्रिंटरमध्ये डोकं घालून बसले. तू त्या बोलणाऱ्याकडे पाहिलंच नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग बॅग उचललीस आणि गेलीस.

त्यानंतर तू कॅफेत पाऊल टाकलं नाहीस. वर्गात माझ्याशी बोलायचीस, पण फक्त प्रॅक्टिकलच्या वहीपुरतं.

मधली वर्षं सोडून देतो. मला नोकरी लागली, रोहिणीशी लग्न झालं, कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. तो गेम मात्र नव्या रूपात परत आला, आता इंटरनेटवरून जगात कोणाशीही खेळता येत होता. मी जुन्याच नावानं सुरू केला. एका रविवारी सकाळी मला आमंत्रण आलं. पाठवणाऱ्याचं नाव 'सोनाळा'.

मी लिहिलं, "वैशाली?"

तू लिहिलंस, "आधी खेळ. गप्पा मंग."

बावीस मिनिटांत तू मला संपवलंस. मग लिहिलंस की तू चिखलीला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतेस, नवरा संदीप पंचायत समितीत आहे, आणि पुढच्या रविवारी दहा वाजता तुला वेळ आहे. कॅफेचा विषय तू काढला नाहीस. मी तर काढणारच नव्हतो.

तेव्हापासून दर रविवारी दहा ते बारा. वैशाली, त्या दोन तासांबद्दल मला कोणाला काही समजावता आलेलं नाही. ऑफिसात सहकारी म्हणतात, गेम म्हणजे टाइमपास. टाइमपास असता तर पहिल्या मिनिटापासून तळहात गार का पडायचे? मी इकडे मेंढ्या गोळा करतोय, आणि त्या काळ्या नकाशाच्या पलीकडे, वीस-पंचवीस किलोमीटरवर, एक डोकं पूर्णपणे माझ्यावर लागलंय. अविनाश आज काय करेल, मागच्या वेळी कुठे फसला, कशाला घाबरतो. ऑफिसात, घरात, नातेवाइकांत, इतकं मन लावून माझा विचार कोणी केला नाही. आणि मीही कोणाचा केला नाही. बुधवारपासूनच माझ्या डोक्यात तुझे घोडे पळायला लागायचे. साहेब सही मागत उभे असायचे आणि मी मनात दक्षिणेकडचा रस्ता बंद करत असायचो.

रोहिणीला मी सुरुवातीला "कॉलेजचा मित्र" सांगितलं होतं. मग आपण माइकवर बोलायला लागलो आणि एक दिवस तिनं तुझा आवाज ऐकला. त्या दिवशी जेवण झालं नाही आमच्याकडे. पुढच्या रविवारी ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली, हाताची घडी घालून. तू मला अठरा मिनिटांत झोपवलंस. रोहिणी शेवटी एवढंच म्हणाली, "ही बाई तुमच्यावर प्रेम करत असेल असं काही वाटत नाही मले." आणि उठून गेली. नंतर नंतर ती दारातून विचारायची, "हरले का?" आणि माझं तोंड पाहून खूश व्हायची.

कधी कधी आपण एका बाजूनं, बाहेरच्या दोघांविरुद्ध खेळायचो. एका परदेशी माणसानं विचारलं होतं, सोनाळा हे मुलीचं नाव का? तू उत्तर दिलंस, "इट इज अ व्हिलेज. व्हेरी बिग व्हिलेज. यू आर लूझिंग टू अ व्हिलेज." मी पोट धरून हसलो होतो.

पण एका बाजूनं खेळलो की आपलं भांडण ठरलेलं. मी भिंत बांधायचो. तू चिडायचीस.

"अव्या, भिंत नको बांधू. दगड वाया जाऊन राह्यला."

"भिंत नसती तर मागच्या खेपेस दोघंही मेलो असतो."

"मागच्या खेपेस मी मारायले गेलती म्हणून वाचलो. तू भिंत बांधतो, काऊन का तुले काही ठरवायचं नसते. आत बसायचं आन बाहेर काय होते ते पाहायचं."

हे तू गेमबद्दल बोलत होतीस की कॅफेबद्दल, ते मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणेन, पण ते खोटं होईल. कळलं होतं. मी गेमबद्दलचंच उत्तर दिलं. आणि हेही सांगतो, गेमपुरतं माझं म्हणणं आजही बरोबर आहे. सुरुवातीची दहा मिनिटं भिंत पाहिजेच. यावर तू मला एकदाही पटेल असं उत्तर दिलं नाहीस. नुसता आवाज चढवलास.

मग तू आजारी पडलीस.

ते मला तू लगेच सांगितलं नाहीस. चार रविवार आली नाहीस, पाचव्याला आलीस आणि म्हणालीस, "अकोल्याले जाऊन राह्यली इलाजासाठी. कॅन्सर आहे. चाल, सुरू कर." मी काही बोलायच्या आत घड्याळ सुरू झालं होतं.

औषधांनी तुझ्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. तू म्हणायचीस, किबोर्डवर बोट ठेवलं तरी ठेवलंय की नाही ते पाहावं लागतं. मला ते खेळातही दिसायचं. तुझे सैनिक एखादा क्षण नुसतेच उभे राहायचे. आधी मी त्या क्षणी हल्ला केला असता. आता मी थांबायला लागलो. माझे घोडे उशिरा निघायला लागले, चुकीच्या रस्त्यानं जायला लागले. तू एक मॅच जिंकलीस, दुसरी जिंकलीस. तिसरीच्या मधेच माइकवर तुझा आवाज आला.

"अव्या, तुझे घोडे कोठी आहेत?"

"येऊन राह्यले."

"बारा मिनिटं झाले. तुझे घोडे दहाव्या मिनिटाले माह्या दारात असतात. इतके वर्ष झाले, एकदा उशीर नाही झाला."

मी घाईघाईनं घोडे तुझ्याकडे वळवले.

"तू मले जिंकू देऊन राह्यला."

"तसं नाही गं..."

"आजारी मी आहो. तू काऊन मेल्यासारखा खेळून राह्यला?" तुझे सगळे सैनिक जागेवरच थांबले होते. "सगळे माह्यासंग हळू बोलतात. डॉक्टर, आई, शाळेतल्या मॅडम. संदीप तर दार लावताना बी आवाज करत नाही. एक तू होता, जो तसाच येत होता, मारायले. आता तू बी त्यांच्यातला झाला."

तू गेमच बंद केलास. नंतर फोन उचलला नाहीस. दोन रविवार मी तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका येतो का ते पाहत बसलो. तिसऱ्या रविवारी लॅपटॉप पिशवीत घातला आणि सकाळच्या बसनं चिखलीला आलो.

तुझ्या आईनं दार उघडलं. तू पलंगावर बसली होतीस, डोक्याला रुमाल, केवढीशी झाली होतीस. मी तब्येतीचं काही विचारलं नाही. टेबल ओढलं, लॅपटॉप मांडला आणि म्हणालो, "लाव."

आणि मी खेळलो, वैशाली. दहाव्या मिनिटाला घोडे तुझ्या दारात होते. तू खेळ बदलला होतास, मला तेव्हा कळलं. बोटं साथ देत नव्हती म्हणून तू कमी गोष्टी करत होतीस, पण प्रत्येक गोष्ट जिथं मला सर्वांत जास्त दुखेल तिथं. दोनदा मला वाटलं, मी हरलो. एकतिसाव्या मिनिटाला मी तुझं शेवटचं शेत जाळलं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

तुझी आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "माही पोरगी आजारी आहे, आन हा बुलढाण्याहून येऊन तिले हरवते. याले काही वाटते का नाही?"

तू हसत होतीस. खोकला येईपर्यंत हसलीस. "आई, त्याले चहा ठेव. लई दिवसांनी कोणीतरी माणसासारखं वागलं."

आई आत गेली. मला वाटलं आता बोलावं. मी म्हणालो, "वैशाली, त्या कॅफेत मी जे म्हटलं स्क्रीनबद्दल..."

"ते सोड. तू हरला होता, म्हणून म्हटलं. हरलेला माणूस काही बी म्हणते." तू बोटं चोळत होतीस. "तुही सवय होती रे. घाबरला का तू लाकूड डाव्या कोपऱ्यातून तोडायले लागे. मागं उभी राहून पाहिलं होतं मी. तळ बी तिकडंच आहे, हे मले तेवढ्यावरून समजलं होतं. मले वेगळंच विचारायचं आहे. त्यानं तसं म्हटलं, तेव्हा तू काऊन चूप बसला?"

मी उत्तर शोधत होतो. तू घाई केली नाहीस, वाट पाहिलीस. तेवढ्यात संदीप रक्त तपासायच्या माणसाला घेऊन आला, सुई आली, कापूस आला. तू बाही वर करत म्हणालीस, "पुढच्या रविवारी सांग."

शुक्रवारी तुला अकोल्याला नेलं. मी तिथं आलो तेव्हा तू काचेच्या पलीकडे होतीस, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ते काही उत्तर द्यायचं ठिकाण नव्हतं.

त्या आठवड्यात मी चार उत्तरं तयार केली होती. नीट ऐकू आलं नाही. वय लहान होतं. एकदम सुचलं नाही. मी बोललो असतो तर वाढलं असतं. चारही तू एका मिनिटात मोडून काढली असतीस. खरं उत्तर पाचवं आहे. मी हरलो होतो, सगळ्यांसमोर, एका मुलीकडून. तो जे बोलला त्यानं सगळे तुझ्याकडे पाहायला लागले आणि माझं हरणं झाकलं गेलं. मला बरं वाटलं, वैशाली. एक क्षण का होईना, मला बरं वाटलं. म्हणून चूप बसलो. त्यानं म्हटलं ते घाण होतं हे मला त्याच क्षणी कळत होतं, आणि तरी मी त्याच्या आडोशाला उभा राहिलो.

हे उत्तर घेऊन मी घरात फिरत होतो. जेवताना, ऑफिसात, अंघोळीला, कुठंच ठेवता येईना. परवा अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चिखलीला आलो. संदीप एकटा घरी होता. मी बसलोही नाही. उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं, कॅफे, तो माणूस, मी, आणि हे पाचवं उत्तर. मला वाटलं होतं, तो जा म्हणेल.

तो म्हणाला, "बसा, भाऊ. मले माहीत होतं. लग्न ठरलं तवाच तिनं सांगितलं होतं. तुमचं नाव बी सांगितलं होतं."

म्हणजे त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन या घरात आलो तेव्हाही हा माणूस मला ओळखून होता. मी बसलो.

"मग तिनं मला खेळायला काऊन बोलावलं?"

"हरवायले," संदीप म्हणाला. "दहा वेळा हरवायचं आन सोडून द्यायचं, असं ठरवलं होतं तिनं. मीच मोजत होतो. दहावी मॅच जिंकली त्या दिवशी मी म्हटलं, झालं नं आता? कर बंद."

"मग?"

"म्हणे, थांबा जरा. आज त्यानं पहिल्यांदा डाव बरोबर टाकला होता. पुढच्या रविवारी काय करते ते पाहू द्या."

बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग विचारलंच.

"तिनं मला माफ केलं होतं का, संदीप?"

खोटं बोलणारा माणूस नाही तो, तुला ठाऊक आहे.

"तसं काही म्हणाली नाही, भाऊ," तो म्हणाला. "पण रविवारी नऊ वाजल्यापासून लॅपटॉपले कोणाले हात लावू देत नव्हती."